वजनकाट्यामागे दडलेले पोट

‘काटा कित्येक वर्षे हललेला नाही, मग चिंता कशाची?’ असे म्हणत सुटलेल्या पोटावरून समाधानाने हात फिरविणारे गृहस्थ आपल्याकडे घरोघरी आढळतात. हे समाधान फसवे आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उंचीच्या तुलनेत वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३; शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के! सडपातळ दिसणाऱ्या भारतीय देहाचे मर्म या दोन आकड्यांत आहे.

पोटातील अवयवांभोवती साचणारी चरबी इन्सुलिनच्या कार्यात अडथळा आणते आणि मधुमेह व हृदयविकार यांना वाट मोकळी करून देते. म्हणूनच काट्याच्या जोडीला टेपही हवी. भारतीय पुरुषाच्या कमरेचा घेर ९० आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा, असा संकेत आहे.

यावर पट्टे आणि चूर्णे हा उपाय नव्हे. केवळ पोटाचे व्यायाम करून तेवढ्याच जागेची चरबी झडत नाही. साबुदाण्याच्या खिचडीवर ताव मारणारा उपवास तर ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ याच जातीचा! ताटातील भात थोडा कमी करून उसळ-भाजी वाढवावी, साखरेला आवर घालावा, रोज भरभर चालावे, सूर्यनमस्कार घालावेत आणि पुरेशी झोप घ्यावी. हा मार्ग संथ आहे, पण टिकणारा आहे. कर्ता माणूस ऐन उमेदीत आजारी पडला की सारे घर खचते. त्यापेक्षा आजच टेप हाती घेणे शहाणपणाचे नव्हे काय?