शर्यतीला घाट लागतो

आमच्या जुन्नर-आंबेगावात शर्यत म्हटली की घाट आला. बैलगाडा पुणे-नाशिक रस्त्यावर कोणी पळवत नाही. तरीही २०१४ साली सुप्रीम कोर्टाने तो बंद केला आणि २०२१ च्या डिसेंबरात अटी घालून पुन्हा परवानगी दिली. बैलांच्या हालांचा विचार व्हायलाच हवा होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझा प्रश्न पोरांचा आहे.

चाकणच्या बजाज कारखान्याचा आमच्याकडे अभिमान आहे, मलाही आहे. १९५९ च्या परवान्यावर व्हेस्पाच्या आधाराने सुरुवात केलेल्या या मंडळींनी २००३ साली पल्सरच्या एका सिलिंडरला दोन स्पार्क प्लग बसवले. मिश्रण झटपट जळतं, जोर वाढतो, पेट्रोल वाचतं. (विज्ञानाच्या तासाला हे उदाहरण फार उपयोगी पडलं असतं, पण तोवर माझी निवृत्ती जवळ आली होती. असो.) मग २००७ मध्ये बजाजने ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये भागीदारी घेतली. ही शर्यतवाली कंपनी. २००१ ते २०१९ डकार रॅली सलग अठरा वेळा तिच्या मोटारसायकलींनी जिंकली.

आता २०१२ चा जानेवारी बघा. एकाच महिन्यात बजाजने दोन गाड्या लोकांपुढे आणल्या. एक चाकणला तयार झालेली केटीएम ड्यूक २००, ताशी १३० च्या घरात पळणारी. दुसरी आरई-६०, म्हणजे पुढची क्यूट: चार चाकं, डोक्यावर छप्पर, मागे एका सिलिंडरचं २१६ सीसी इंजिन, वेग ताशी ७०.

पहिली लगेच विकायला लागली. दुसरी सुरक्षित नाही म्हणून ओरड झाली, इतर गाडी कंपन्यांनी विरोध केला, कोर्टात याचिका गेल्या. देशातल्या बाजारात यायला २०१९ चा एप्रिल उजाडला. तोवर परदेशात विकली जात होती! आणि इकडे मंचर-घोडेगाव रस्त्यावर दारं नसलेल्या तीनचाकीत आठ-नऊ माणसं कोंबलेली, ते मात्र चालतं.

ऑस्ट्रियात सोळाव्या वर्षी १२५ सीसीचाच परवाना मिळतो, पुढे पायरीपायरीने मोठी गाडी. त्या पोरांसाठीची ड्यूक १२५ चाकणलाच बनून तिकडे जात होती. आपल्याकडे २०० आधी आली, १२५ आली नोव्हेंबर २०१८ मध्ये. कारण आपला गिअरच्या मोटारसायकलचा परवाना अठराव्या वर्षी एकच. शंभर सीसी चालवा नाहीतर हजार. पहिलीच्या पोराला थेट दहावीत बसवायचा प्रकार.

माझा भाचा म्हणतो, "मामा, वेग गाडीत नसतो, मुठीत असतो." अरे बाबा, म्हणूनच मूठ शिकल्याशिवाय इंजिन मोठं देऊ नये.

गेल्या काही वर्षांत माझ्या विद्यार्थ्यांच्या मुलांच्या दशक्रियेला गेलो आहे. गाडी कुठली होती, ते महत्त्वाचं नाही. बाप माझ्या वर्गात बसलेला, आणि पिंडासमोर तो. तिथे पुढारी माईकवर नियतीला दोष देतात. बैलगाड्यासाठी हेच पुढारी दिल्लीपर्यंत भांडले, छान केलं. परवान्याचा कायदाही दिल्लीतच होतो. परवान्याला पायऱ्या हव्यात आणि पोरांना वेग काढायला तालुक्यात एक बंदिस्त धावपट्टी हवी, एवढं मागायला ते कधी जाणार?