नव्या सायकलची पहिली फेरी

लांबच्या प्रवासासाठी नव्याने बांधून घेतलेली टुरिंग सायकल रेडीच्या रस्त्यांवर प्रथम चालवताना दोन गुण जाणवले. चाकांमधील अंतर अधिक आणि टायर रुंद असल्याने तिची चाल स्थिर आहे. यशवंतगडाकडील चढावर हलका गिअर टाकताच गुडघ्यांवरील ताण ओसरतो. साठीनंतर सायकल घेताना वेगापेक्षा हेच पाहावे.

पहिली फेरी मात्र प्रवास नव्हे, तपासणी समजावी. सामान न लादता, सपाट रस्त्यावर पंधरा मिनिटे पुरेत. सीट प्रारंभी इतकी खाली ठेवावी, की थांबताच पाय जमिनीला टेकतील. नव्या ब्रेकच्या तारा सैलावतात. काही फेऱ्यांनंतर त्या आवळून घ्याव्यात.

शरीराचेही ऐकावे. चालवताना वाक्य पुरे बोलता येत नसेल, तर श्रम अधिक होत आहेत. श्रमाने रक्तातील साखर उतरते. म्हणून इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. हेल्मेट असूनही डोक्याला मार लागलाच, तर जखम दिसत नसली तरी तत्काळ रुग्णालय गाठावे.

घरच्यांनो, ‘या वयात कशाला?’ असे विचारण्याऐवजी पहिल्या फेरीला सोबत जा.