जिव्हाळा फुकट का?



हिंगोली जिल्ह्यातल्या तांड्यावरचे लेकरू अंगणवाडीत पहिल्यांदा येते ते गोरमाटी बोली घेऊन. आईबाप ऊसतोडीला गेलेले असले तर घरी फक्त आजी. अशा लेकराला ताईने त्याच्याच बोलीत हाक मारली, मांडीवर घेतले, की त्याचे शिक्षण सुरू झाले, असे मी मानते. अक्षरे नंतर येतात, आधी विश्वास. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत काम सुरू केले, तेही मुलांच्या अंगणापर्यंत जाऊन.

अंगणवाडी योजना १९७५ साली आली. पण ताईला आजही वेतन नाही, मानधन आहे. लेकरांना जीव लावणे हा बाईचा स्वभावच, त्याचे मोल कशाला, हा त्यामागचा हिशेब! २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने तिचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. तरी डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांना संपावर जावे लागले.

आहारवाटप, वजने, नोंदवह्या यांत ताईचा दिवस संपला, तर लेकराशी बोलणार कोण? म्हणून तिच्या वेतनाची मागणी ही लेकरांचीही मागणी आहे. गावच्या ग्रामसभेत ती आपणच मांडू या.