पाया खणण्याआधी पाड्याला विचारा

डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हार आणि मोखाडा तालुक्यांतल्या ग्रामसभांना, वास्तुकला शिकणाऱ्या मुलामुलींना, गवंडी-सुतारांना आणि आपल्या दिवाणखान्यात वारली चित्र लावणाऱ्या प्रत्येकाला ही कळकळीची विनंती आहे. यंदा मंजूर झालेल्या घरकुलांचे पाये खणले जाण्याआधी गावोगावी घराच्या आराखड्यांची स्पर्धा भरवा. पाड्यावरच्या माणसांनी बाहेरच्या जाणकारांसोबत बसून आपल्या घराचा आराखडा स्वतः करावा आणि त्यातून पाड्यानेच निवड करावी, अशी ही स्पर्धा असावी.

घाई एवढ्यासाठी की वेळ फार थोडा आहे. भातकापणी उरकली की निम्मा पाडा वीटभट्टीवर जातो. मागे राहिलेले घर बांधायला घेतात आणि जूनमध्ये पाऊस लागला की काम थांबते. दिवाळी ते उन्हाळा एवढ्या काळात जे उभे राहील, त्यात एक कुटुंब पुढची तीस वर्षे राहणार आहे.

आज काय उभे राहते ते कोणत्याही पाड्यावर जाऊन पाहा. विटा किंवा सिमेंटच्या ठोकळ्यांची एक खोली, वर पत्रा किंवा स्लॅब, एक दार, एक खिडकी. ओटी नाही, माळा नाही, कणगीला जागा नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारी तिथे बसवत नाही, म्हणून बाया आणि म्हातारी माणसे शेजारच्या जुन्या कुडाच्या घरात नाहीतर झाडाखाली जाऊन बसतात. नवे घर सामान ठेवायला आणि जुने राहायला, अशी विभागणी आता इतकी सवयीची झाली आहे की तिचे कुणाला नवलही वाटत नाही.

कुडाची भिंत कशी होते हे जवळून पाहण्यासारखे आहे. कारवीच्या सरळ, वाळलेल्या काठ्या शेजारी शेजारी उभ्या लावायच्या, त्यांना आडव्या कामट्या घट्ट बांधायच्या आणि दोन्ही अंगांनी शेण, माती नि भाताचा तूस कालवून लिंपायचे. आतल्या बाजूचे लिंपण बोटांनी दाबत नेतात, म्हणजे काठ्यांमधल्या फटीत ते जाऊन बसते. वरचा हातभर भाग पुष्कळदा मुद्दाम न लिंपता सोडतात. चुलीचा धूर तिथून बाहेर जातो आणि वारा आत येतो. मग सारवण आणि त्यावर गेरू. लग्नघरात याच भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्यात पालघाट देवी बसते, आणि लग्न लावणारी बाई, म्हणजे धवलेरी, गाते तेव्हा लग्न लागते. शेणा-गेरूची खरखरीत भिंत ते पीठ धरून ठेवते. ऑइलपेंट लावलेल्या गुळगुळीत भिंतीवरून त्याचे पोपडे सुटतात.

गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ही चित्रे आज साड्यांवर, कपांवर, रेल्वे स्थानकांच्या भिंतींवर आहेत, आणि त्याचा आनंदच आहे. पण हे चित्र जिथे जन्मले ती भिंत मात्र घरकुलाच्या एकेका हप्त्याबरोबर पाडली जात आहे. भिंतीबरोबर ती बांधण्याचे ज्ञानही जाते. कोणती माती फुटते आणि कोणती धरते, मेढीला साग घ्यावा की ऐन, हे सांगणारी माणसे आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांच्या हाताखाली शिकायला कुणी उरलेले नाही.

कुणी म्हणेल, पाड्यावरच्यांनाच पक्के घर हवे आहे, तुम्ही त्यांना मातीत का ढकलता? त्यांना पक्के घर हवे आहे हे अगदी खरे आहे आणि त्यामागची कारणेही खरी आहेत. कुडाला वाळवी लागते. पावसात भिंतीचा खालचा भाग कुजतो. दरवर्षी लिंपायचे, सणासुदीला सारवायचे, हा सगळा भार बाईच्या कमरेवर पडतो. आत अंधार असतो आणि चुलीचा धूर सगळाच बाहेर जात नाही. पूर्वीसारखे लाकूड जंगलात सहज मिळत नाही. म्हणून जुने घर जसेच्या तसे परत आणा असे मी म्हणत नाही. स्पर्धेने या अडचणी सोडवाव्यात. गुडघाभर दगडी जोते आणि त्यावर कूड घेतला तर पाणी भिंतीला लागेल का? बोरॅक्स-बोरिकच्या पाण्यात मुरवलेला बांबू कारवीच्या जोडीला चालेल का? कौलातून उजेड कसा घ्यावा? धुराला वाट कुठून द्यावी? या प्रश्नांची उत्तरे एकट्या आजोबांकडे नाहीत आणि एकट्या अभियंत्याकडेही नाहीत.

डहाणू-तलासरी भागात तर आणखी एक कारण आहे. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या परिसरात जमीन हादरू लागली आणि धक्क्यांची मालिका लांबत गेली. लोकांनी थंडीत तंबूत रात्री काढल्या. अशा जमिनीवर पट्टे-खांब नसलेली जड, ठिसूळ भिंत सगळ्यात धोक्याची. काठ्या बांधून केलेली हलकी, लवचिक भिंत धक्का सोसते. इथे घराचा आराखडा हा जिवाचा प्रश्न आहे.

नियम आड येतात असा एक समज आहे, तो दूर व्हायला हवा. प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीण घरासाठी किमान २५ चौरस मीटर जागा सांगते. पक्के घर म्हणजे नेहमीच्या देखभालीने किमान ३० वर्षे टिकेल असे घर, अशी तिची व्याख्या आहे. लाभार्थ्याने घर स्वतः बांधावे, ठेकेदाराला देऊ नये, असेही तीच सांगते, आणि स्थानिक साहित्याचे, स्थानिक धाटणीचे आराखडे लोकांपुढे ठेवावेत अशी तिची अपेक्षा आहे. अडते ते भीतीमुळे. हप्ता फोटो पाहून सुटतो. भिंत विटांची दिसली नाही तर पैसे अडकतील, ही धास्ती प्रत्येक घरात आहे. म्हणून पंचायत समित्यांच्या अभियंत्यांना विनंती, की तुम्ही स्पर्धेच्या पहिल्या दिवसापासून सोबत बसा आणि निवडलेला आराखडा चालेल असे आधीच लेखी द्या. योजनेचे मूळ अनुदान सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये आहे. एवढ्या पैशात हप्ता अडकण्याची जोखीम कुठलेही कुटुंब घेणार नाही. कातकरी कुटुंबांना पीएम-जनमन योजनेतून घरे मिळत आहेत, त्यांच्या वाड्यांनाही यात सुरुवातीपासून घ्या.

स्पर्धा कशी असावी याबद्दल माझा आग्रह असा आहे. प्रत्येक गटात कुडाचे घर स्वतः बांधलेले एक तरी माणूस असावे, पाड्यावरची एक तरी तरुण मुलगी असावी, आणि मग बाहेरचे विद्यार्थी. कागदावरच्या चित्राबरोबर दोन हात रुंदीची खरी भिंत तिथेच जमिनीवर बांधून दाखवावी. ती पाहून, दाबून, पाणी ओतून बघता येते. संगणकावरचे चित्र बघून कुणालाच काही कळत नाही. निवड समितीत निम्म्याहून अधिक बाया असाव्यात, कारण सारवायचे त्यांना आहे आणि चूलही त्यांचीच आहे. आराखड्यावर हक्क ग्रामसभेचा राहावा. बक्षीस एकच असावे: निवडलेले घर त्याच हंगामात उभे करायचे आणि बांधणाऱ्या हातांना पुरी मजुरी द्यायची.

मुंबई-पुण्याच्या महाविद्यालयांनी आपल्या विद्यार्थ्यांना फक्त अभ्यासदौऱ्यावर आणू नये. दोन दिवसांत फोटो काढून परतणारे पुष्कळ येऊन गेले. पाड्यावर महिनाभर राहून भिंत लिंपायची तयारी असेल त्यांनीच यावे. ज्यांना येणे जमत नाही त्यांनी एका भिंतीचा, एका घराच्या कौलांचा खर्च उचलावा आणि तो थेट ग्रामसभेकडे द्यावा.

ग्रामसभांना शेवटचे सांगणे. पेसा कायद्याने तुमच्या गावाचा निर्णय तुमच्या हाती दिला आहे, आणि वनहक्क मान्य झालेल्या गावांत बांबू हे तुमचे गौण वनउत्पादन आहे. २ ऑक्टोबरच्या सभेच्या विषयपत्रिकेवर घरकुलाचा आराखडा हा विषय घ्या. गावात कुडाचे घर बांधता येणाऱ्या माणसांची नावे त्याच दिवशी लिहून काढा. दिवाळीनंतर गट बसवा आणि २६ जानेवारीच्या सभेत निवड करा. तोवर कुणाच्या पहिल्या हप्त्याचे पैसे आलेच, तर वीट मागवण्याआधी त्या घरातल्या बाईला एकदा विचारा की तिला कणगी कुठे हवी आहे.