मेले किती, लिहिले किती

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात अख्ख्या देशात नशेच्या अतिसेवनाने ६८१ मृत्यू दाखवलेत. त्याच वर्षी अमेरिकेत एक लाखाहून जास्त. हे दोन आकडे शेजारी ठेवून ‘आपल्याकडं एवढं काही नाही’ म्हणणारे बरेच भेटतात. मला ते पटत नाही.

‘एम्स’ने केंद्र सरकारसाठी केलेलं सर्वेक्षण २०१९ साली आलं. अफू, हेरॉईनच्या जातीच्या नशेने ज्यांचं आयुष्य बिघडलंय असे लोक त्यात सुमारे ७७ लाख निघाले. आता भागाकार करा. अकरा हजारांत एखादाच मेला म्हणायचं का? वॉर्डात ड्युटी केलेली कुठलीही सिस्टर यावर विश्वास ठेवणार नाही.

मग बाकीचे जातात कुठं? माणूस दवाखान्यात पोचेपर्यंत संपलेला असतो. पोलीस अकस्मात मृत्यू नोंदवतात, पंचनामा होतो, शवविच्छेदन होतं. डॉक्टर व्हिसेरा राखून ठेवतात आणि मृत्यूचं कारणही ‘राखून ठेवलं’ असंच लिहितात. व्हिसेरा प्रयोगशाळेत जातो, रिपोर्टला महिनोन् महिने लागतात. तोवर तेरवी, पुण्यानुमोदन सगळं होऊन जातं. रिपोर्ट आणायला कोण जातंय? आणि दवाखान्यात घटकाभर जगला असेल तर कागदावर ‘हृदय व श्वास बंद पडल्याने’ येतं. अहो, हृदय आणि श्वास तर प्रत्येकाचाच बंद पडतो!

म्हणून मोठ्या शहराचा आकडा मोठा दिसला की तिथंच पोरं जास्त मरतात असं धरू नका. तिथं तपासणी जास्त होते, हेही एक कारण असतं.

रकान्यांचीही गंमत बघा. २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. विषारी दारूचा रकाना वेगळा, ती अतिसेवनात धरत नाहीत. रोजच्या दारूने लिव्हर खराब होऊन गेलेला तर दोन्हीकडं नाही. वस्तीत त्याला ‘कावीळ झाली होती’ म्हणतात.

एप्रिल २०२५ मध्ये चाकूर तालुक्यात रोहिण्याजवळ एमडीचा कारखाना पकडला, अकरा किलोवर माल. म्हणजे ही पावडर आता मुंबईची राहिली नाही. एमडीने हृदयाचे ठोके बेफाम वाढतात. पंचविशीतलं पोरगं ‘अटॅकनं गेलं’ ऐकलं की मला शंका येते.

लपवण्यात आपला घरचाही हात आहे. पाचवं शील रोज म्हणणाऱ्या घरात पोरगा नशेने गेला, हे सांगायची लाज वाटते. ‘चिरफाड नको’ म्हणून आपणच हात जोडतो. लाज मी समजू शकते. पण नोंद नाही म्हणून व्यसनमुक्ती केंद्र नाही, औषध नाही, आणि पुढच्या गल्लीतलं पोरगं त्याच वाटेवर.

तेव्हा कॅज्युअल्टीत काय घेतलं ते खरं सांगा. गोळीचं रिकामं पाकीट असेल तर सोबत न्या. अफूच्या जातीच्या नशेवर नॅलोक्सोनचं इंजेक्शन वेळेत मिळालं तर माणूस वाचतो. मृत्यू झालाच, तर व्हिसेराच्या रिपोर्टसाठी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. जिवंत असलेल्यासाठी १४४४६ हा सरकारी व्यसनमुक्तीचा नंबर आहे, फोन फुकट लागतो.