फेटा नको, अंकलिपी द्या

परदेशी पाहुणा इंग्रजी शिकवायला येतो. त्याला फेटा बांधतात, लेझीम दाखवतात आणि याला ‘सांस्कृतिक देवाणघेवाण’ म्हणतात! पाहुण्याने मराठीचे अक्षर गिरवायचे नाही, विद्यार्थ्याने मात्र स्वतःच्या उच्चारांची लाज बाळगायची, ही कसली देवाण?

अमेरिकेतून आलेल्या मॅक्सीन बर्नसन मराठी शिकल्या, फलटणच्या बोलीवर त्यांनी प्रबंध लिहिला आणि तिथेच मराठी माध्यमाची शाळा उभारली. सेनगावकरांनी तर फलटणपर्यंतही जायला नको. शेजारच्या नरसीशी ज्यांचे नाव जोडलेले आहे ते नामदेव पंजाबात गेले, तिकडच्या लोकांना कळेल अशा भाषेत बोलले. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. (नरसीचा अभिमान मिरवणाऱ्यांना हे भाषिक कष्ट आठवत नाहीत.)

राज्यात २००० पासून इंग्रजी पहिलीपासूनच आहे. ती अवश्य शिकावी. पाहुण्याच्या हाती मात्र पहिल्याच दिवशी अंकलिपी ठेवावी.