फिल्टर कुणी काढायचा?

वॉशिंग मशीनमधलं पाणी बाहेर जात नसेल, तर बहुतेक वेळा मशीन बिघडलेलं नसतं. ते तुंबलेलं असतं, मोरी तुंबते तसं. मोरी तुंबली की आपण जाळी उचलतो, केसांचा गुंता काढतो, वरून बादलीभर पाणी ओततो आणि कामाला लागतो. मशीन तुंबलं की मात्र अ‍ॅप उघडतो, स्लॉट बुक करतो आणि ओले कपडे दोन दिवस आत आंबू देतो. मग कुणीतरी येतो, खालचं एक झाकण फिरवतो, आतून दोन रुपयांचं नाणं आणि बाळाचा मोजा काढतो आणि पाचशे-सहाशेचं बिल हातात ठेवतो. ओटीपी सांगा, पाच स्टार द्या, विषय संपला.

माझ्या मते विषय तिथून सुरू होतो. हातभर अंतरावरचं एक झाकण फिरवायला आपल्याला बाहेरचा माणूस लागतो, ही असहायता आभाळातून पडलेली नाही. तिच्यात कंपन्यांचा फायदा आहे, सरकारची सुस्ती आहे आणि आपल्या घरातली एक जुनी, लाजिरवाणी सवयही आहे. तिघांचाही हिशोब मांडायला हवा.

आधी मशीन समजून घेऊ, कारण न समजणाऱ्या गोष्टीवर रागावता येतं, भांडता येत नाही.

फ्रंट लोड मशीनमध्ये धुण्याचं पाणी ड्रमखालच्या रबरी नळीतून एका फिल्टरमध्ये येतं आणि तिथून ड्रेन पंप ते मागच्या पाइपातून वर ढकलतो. फिल्टर म्हणजे नाण्यांची आणि पिनांची जाळी. तो पंपाच्या अलीकडे बसवलेला असतो, कारण पंपातला पंखा प्लास्टिकचा आणि नाजूक असतो. खिशातली सुटी नाणी, ब्लाउजचे हुक, ब्राची तार, सेफ्टी पिना, बटणं, केस, टॉवेलची लव, पाकिटात चुकून राहिलेल्या बिलाचा लगदा, हे सगळं तिथे साठतं. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर क्षार आणि पावडर मिळून त्यावर राखाडी साय धरते. एक दिवस वाट बंद होते.

आता काय करायचं? प्लग काढायचा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढायचा. गरम पाण्याची सायकल चालू असेल तर पाणी निवू द्यायचं. मशीनच्या खालच्या कोपऱ्यातलं छोटं झाकण उघडायचं, समोर पसरट परात ठेवायची. अनेक मॉडेलांत तिथेच एक बारीक नळी असते. तिचं बूच काढून पाणी आधी परातीत सोडायचं. मग फिल्टर हळूहळू उलटा फिरवायचा आणि बाहेर काढून नळाखाली धुवायचा. मोबाइलचा टॉर्च मारून आत बघायचं आणि बोटाने पंपाचा पंखा फिरवून बघायचा. तो अडखळत, झटके देत फिरेल. घाबरू नका. पंपात चुंबक असतो, म्हणून तो तसाच फिरतो. अजिबात फिरत नसेल तर त्याला दोरा किंवा केस गुंडाळले गेलेत. शेवटी मागचा पाइप भिंतीला दाबून दुमडला नाही ना, आणि त्याचं टोक मोरीच्या गाळात बुडालेलं नाही ना, तेवढं बघायचं.

टॉप लोडची तऱ्हा वेगळी. त्यातल्या बऱ्याच मशीनमध्ये पंप नसतोच. एक छोटी ड्रेन मोटर व्हॉल्व्ह ओढून धरते आणि पाणी आपल्या वजनाने खाली जातं. व्हॉल्व्हच्या तोंडात बटण अडकलं किंवा मोटर ओढेनाशी झाली, की पाणी तसंच. सेमी ऑटोमॅटिकमध्ये तर गोष्ट आणखी साधी. तुम्ही ड्रेनचं बटण फिरवता, ते आतली पट्टी किंवा दोरी ओढतं, ती व्हॉल्व्ह उचलते. ती तुटली की बटण नुसतं फिरत राहतं. हे काही रॉकेट नाही. आपल्या आज्यांनी रहाट आणि पोहरा वापरलाय, त्याची ही धाकटी भावंडं.

मग एवढी साधी गोष्ट एवढी गूढ कशी झाली?

पडद्यावर बघा. एलजीचं मशीन ‘ओई’ म्हणतं, सॅमसंगचं ‘फाइव्ह ई’ किंवा ‘फाइव्ह सी’, बॉशचं ‘ई अठरा’. आजार एकच, पाणी जात नाही. नावं मात्र प्रत्येक घराण्याची वेगळी, आणि एकातही ‘खालचा फिल्टर साफ करा’ असं सरळ वाक्य नाही. ज्या पडद्यावर सायकल संपल्याची गाणी वाजवता येतात, त्यावर एक वाक्य मावत नाही? माहितीपुस्तिकेत हे सगळं लिहिलेलं असतं, पण बहुतेक वेळा इंग्रजीत, फार तर हिंदीत. मशीन विकायला शोरूममधला पोरगा अस्सल मराठीत बोलतो, कॅशबॅक मराठीत समजावतो. फिल्टर मात्र मराठीत समजावून द्यायचं कुणाच्या कामात बसत नाही.

आणि वॉरंटी? बहुतेक कार्डांवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की बाहेरची वस्तू अडकून झालेला बिघाड यात येत नाही. म्हणजे ज्या कारणाने मशीन सर्वाधिक तुंबतं ते वॉरंटीबाहेर, आणि त्यावरचा उपाय शिकवण्याची तसदीही नाही. न शिकवण्यातून व्हिजिट चार्ज निघतो. व्हिजिटमधून एएमसी गळ्यात पडते, आणि एएमसी संपली की ‘मॅडम, मशीन जुनं झालंय, एक्सचेंज ऑफर चालू आहे’. मी कारस्थान म्हणत नाही. ज्यातून पैसा येतो ते अज्ञान दूर करायची घाई कुणाला नसते, एवढंच म्हणतो.

हा खर्च कुणाच्या अंगावर पडतो, तेही बघू. फ्रंट लोडमध्ये पाणी साठलेलं असताना दार उघडत नाही. टॉप लोडमध्ये उघडतं, मग मगाने पाणी उपसायचं, जड झालेले ओले कपडे बाहेर काढायचे, पिळायचे, बादल्या उचलायच्या. हे कोण करतं? बुकिंग करणारा हात आणि पाणी उपसणारा हात आपल्याकडे क्वचितच एकाच माणसाचा असतो. मशीन ‘बाईचं काम सोपं करायला’ घेतलं जातं, पण त्याचं झाकण उघडण्याचं ज्ञान ‘बाईचं’ मानलं जात नाही. रोज मशीन चालवणारीला त्याचा आवाज, थरथर, वास सगळं पाठ असतं. तरी स्क्रू ड्रायव्हर तिच्या हातात देताना घर कचरतं, आणि ज्याच्या हातात देतं त्याला फिल्टर कुठे असतो तेही माहीत नसतं.

आता ती लाजिरवाणी सवय. फिल्टर न काढण्यामागे वेळेची कमतरता कमी आणि किळस जास्त आहे. काळपट, वास मारणारं पाणी, बुळबुळीत गाळ. हा गाळ आपलाच, आपल्याच अंगाचा आणि खिशाचा. पण गाळात हात घालणारे हात वेगळे असतात, हे आपल्याला पाळण्यापासून शिकवलं गेलंय. ज्या समाजाने घाण उपसणाऱ्यांची जात ठरवून दिली, त्या समाजातल्या फ्लॅटमध्ये जर्मन किंवा कोरियन मशीन आलं तरी ती वाटणी बदलत नाही. ती फक्त अ‍ॅपवर जाते. हाताने काम करणारा तो ‘भैया’, आणि त्याला रेटिंग देणारे आपण. रोबोटिक्सच्या क्लासला हजारो रुपये भरणारं घर पोराला फिल्टर काढू देत नाही, कारण ‘तुझं काम नाही ते’. हेच वाक्य शतकानुशतकं उलट्या दिशेनेही म्हटलं गेलंय: शिकणं तुझं काम नाही. दोन्ही वाक्यांचं मूळ एकच आहे.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही ऐकण्यासारखे आहेत.

पहिला, पाणी आणि वीज एकत्र आहेत, जीव जाईल. भीती रास्त आहे, म्हणूनच हद्द ठरवू. प्लग काढून फिल्टर, नळी आणि पाइप, इथपर्यंत आपलं राज्य. फिल्टर साफ करणं कंपनीच्याच पुस्तिकेत वापरणाऱ्याचं काम म्हणून दिलेलं असतं. पंप घुमतो पण पाणी जात नाही, किंवा पंपाचा आवाजच येत नाही, तर पुढचं काम वायर आणि बोर्डचं आहे. तिथे मेकॅनिकला बोलवा. पण ‘मशीन बंद आहे’ एवढं सांगून बोलवू नका. ‘फिल्टर साफ आहे, पंखा मोकळा आहे, पंप आवाज करत नाही’ असं सांगा. एवढं ऐकलेला माणूस सहसा तुमच्या माथी नवा बोर्ड मारायला धजावत नाही.

दुसरा आक्षेप, याने मेकॅनिकच्या पोटावर पाय येईल. उलट आहे. गल्लीतल्या मेकॅनिकचं खरं कसब बेअरिंग, मोटर आणि बोर्डमध्ये आहे. त्याच्या पोटावर पाय येतो तो सुटे भाग मिळत नाहीत तेव्हा. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत कुणी वस्तूच्या शोधात दुकानामागून दुकान फिरताना दिसला तर समजा, कुठल्यातरी कंपनीने भाग बाहेर विकलेला नाही. काही मशीनचा बाहेरचा टब आता वेल्ड करून बंद केलेला असतो. आतलं बेअरिंग गेलं की अख्खा टबच बदला. ज्याच्या हातात कला आहे त्यालाही ‘नवीन घ्या’ म्हणायला लावणारं हे डिझाइन आहे.

इथे सरकार यायला हवं होतं. युरोपीय संघात १ मार्च २०२१ पासून नियम लागू आहे: वॉशिंग मशीनचा पंप, मोटर असे भाग व्यावसायिक दुरुस्ती करणाऱ्यांना किमान १० वर्षं मिळालेच पाहिजेत. फ्रान्सने त्याच वर्षी जानेवारीत दुरुस्तीयोग्यतेचे १० पैकी गुण विक्रीच्या वेळी ग्राहकाला दाखवायला लावले, आणि पहिल्या यादीत फ्रंट लोड वॉशिंग मशीन होतं. आपल्याकडे जुलै २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेती अवजारं, मोबाइल-टॅब्लेट, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही चार क्षेत्रं ठरली. २४ डिसेंबर २०२२ ला पोर्टल आलं. मे २०२५ मध्ये रिपेअरेबिलिटी इंडेक्सवरच्या समितीने अहवाल दिला, त्यात पहिला मान मोबाइल आणि टॅब्लेटला. पोर्टल म्हणजे फोन नंबरांची वही. त्यातून पंप मिळत नाही, आणि पंप विकायला कुणी बांधील होत नाही.

हे आपल्याला जमत नाही असंही नाही. २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना दंड ठोठावला होता, कारण त्या सुटे भाग खुल्या बाजारात येऊ देत नव्हत्या. मोटारीबद्दल जे कळलं ते धुण्याच्या मशीनबद्दल कळायला काय अडचण आहे? ई-कचऱ्याच्या नियमांत वॉशिंग मशीनचं नाव आहे. म्हणजे ते मेल्यावर कुठे जावं याची काळजी कायद्याला आहे, ते जगावं याची नाही.

मागण्या फार नाहीत. विजेच्या ताऱ्यांशेजारी दुरुस्तीचे गुण छापा. पंप, व्हॉल्व्ह, बेअरिंग १० वर्षं खुल्या बाजारात ठेवा, तेही कंपनीचा शिक्का नसलेल्या मेकॅनिकला मिळतील असे. पुस्तिका राज्याच्या भाषेत द्या. फिल्टर पुढून, हाताने उघडेल असाच बसवा आणि एरर आला की पडद्यावर कोड नको, वाक्य लिहा.

हे सगळं होईपर्यंत एक गोष्ट कुणाच्या परवानगीशिवाय करता येते. या रविवारी घरातल्या मशीनचा फिल्टर काढा. तुंबलं नसेल तरी काढा. ज्याने आजवर कधी काढला नाही, त्यानेच काढायचा.